पेटीशेजारचा लहान पाट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायची संधी आली नाही, असं म्हणता येणार नाही. संधी पुष्कळदा आली. अगदी गेल्या महिन्यात, आईचे दिवस होऊन गेल्यावर, एक बाई वेल्ह्याहून दोन एसट्या बदलून भोरला माझ्या घरी आली, ओट्यावर बसली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. मी बोललो — पण दुसरंच.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. सकाळपासून हा कागद समोर आहे.

आधी घर सांगतो. घरात आई आणि मी, दोघंच. मी शाळेत मराठी शिकवत असे, वाचनालयाच्या चाव्याही माझ्याकडेच. माजघरात चौरंगावर आमची पेटी — हातपेटी, भात्याची. वडील वाजवत, त्यांच्यामागे मी. दर गुरुवारी आळीतल्या बायका भजनाला येत तेव्हा मीच साथीला बसे. त्या पेटीशेजारी एक लहान पाट आहे. लहान मुलाला जेवायला बसवतात ना, तेवढा. आई जाऊन दोन महिने झाले, समाचाराला इतकी माणसं आली, पण घरात मूल नसताना हा पाट इथे का, असं एकानेही विचारलं नाही.

तो पाट सोजरचा आहे. सोजर त्यावर कधीच बसली नाही.

सोजर ही भिवाची मुलगी. भिवा भाटघरच्या धरणावर, पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर माळी होता आणि चौकीदारही होता. मूळचा मार्गासनीकडचा. धर्मांतराला आठ-नऊ वर्षं झाली होती. त्याच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली सोजरची पुस्तकं नीट रचलेली असत. पोरगी दहा वर्षांची, एसटीने भोरला शाळेत यायची. वर्गात मागे बसायची. पण प्रार्थना सुरू झाली की तिचा आवाज सगळ्यांच्या वरून जायचा — मोठा म्हणून नव्हे, खरा म्हणून. स्वर जिथे असायला हवा तिथेच. मी पुष्कळ मुलांना गाताना ऐकलं आहे. तसं पुन्हा ऐकलं नाही.

आणि मी कोण होतो? शाळेत पाण्याचे दोन माठ होते, त्यातला दुसरा, सोजरसारख्या मुलांसाठी वेगळा ठेवलेला, मी स्वतः उचलून अंगणात नेऊन फोडला होता. भिवाला मी 'तुम्ही' म्हणत असे. हेडमास्तर हसायचे. मला माझा अभिमान होता — हे लिहून ठेवतो, कारण पुढचं समजायला ते लागेल.

बंगल्यावर एक पियानो होता. कुण्या इंग्रज इंजिनियरच्या बाईने तिथेच सोडलेला. काळं जड लाकूड, समोर मेणबत्त्यांसाठी पितळेचे दोन हात, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. शाळेची सहल धरणावर गेली तेव्हा भिवाने मला तो उघडून दाखवला. पट्ट्यांवरचं झाकण अखंड लाकडाचं, बिजागऱ्या गंजून सैल झालेल्या, त्यामुळे ते उघडं राहत नसे. भिवाने त्याला टेकू म्हणून बाभळीची एक खुंटी तासून ठेवली होती. मी पट्ट्यांवर बोट ठेवायला वाकलो आणि खुंटी सरकली. झाकण माझ्या हातापासून दोन बोटांवर आदळलं. आतल्या तारा कितीतरी वेळ घुमत राहिल्या.

"सायबाची पेटी चावती, गुरुजी," भिवा हसत म्हणाला. "जपून. आन् धरनाचं दरवाजं उघडलं का न्हाई, तवा ही आपसूक गुनगुनती. म्या ऐकलंय."

मुलं हसली. मीही हसलो. पानशेत फुटल्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि धरणाजवळ राहणारी माणसं अशा गोष्टी हसतच सांगत. मी हात खिशात घालून बाहेर आलो.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा — ते झाकण मला माहीत होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी भिवा शाळेत आला. टोपी हातात, धोतराच्या सोग्यात बंगल्यातल्या झाडाचे पाच-सहा पेरू. सोजर त्याच्यामागे.

"गुरुजी, येक इचारू का? ही पोर लई डोकं खाती. पेटी शिकायची म्हंती. बंगल्यावरच्या साळुंक्याबी हिच्यापरीस गप असत्यात."

"आबा!" सोजर म्हणाली आणि लाल झाली.

"तर लेकराला पयलं काय शिकवावं? तुमची हातपेटी, का ती सायबाची मोठी? आमाला त्यातलं काय कळतं? तुमी म्हनाल तसं."

त्याला काय विचारायचं होतं, ते मला कळलं. मोठ्या पेटीचं नाव त्याने नुसतं घेतलं होतं, मला नाही म्हणायला सोपं जावं म्हणून. विचारायचं होतं ते एवढंच — पोरीला तुमच्या घरी येऊ द्याल का? ते तसं विचारता येत नव्हतं, म्हणून त्याने मला दोन वाद्यांमधून एक निवडायला दिलं. सभ्य माणूस होता. नकारासाठी त्याने दारही उघडं ठेवलं होतं.

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

विचार करण्यासारखं त्यात होतं काय? दहा वर्षांच्या मुलीला, जिचा गळा इतका सुरेल आहे, पेटीच द्यायची. पट्ट्या मऊ, लहान बोटांना पुरणाऱ्या. भाता मारला की स्वर श्वासासारखा चालतो, गाणाऱ्याला तो सोबत करतो. शिकवायला मी होतो. पियानोवर शिकवायला कुणीच नव्हतं. त्यातल्या निम्म्या तारा उतरलेल्या, काही पट्ट्या मुक्या. सरकारी वस्तू, परवानगीशिवाय हात लावायची नाही. एखाद्या अडाण्यालाही उत्तर देता आलं असतं.

मी वाचनालयात गेलो. एका जाड संदर्भग्रंथात पाश्चात्त्य वाद्यांवर दीड पान होतं, ते वाचलं. आणि तिसऱ्या दिवशी सोजरला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं — तू पियानोच शीक. पेटीने बोटं आळशी होतात, एक हात भात्यातच अडकतो. पियानोवर दोन्ही हात मोकळे, प्रत्येक स्वर आपल्या बळावर उमटवावा लागतो, बोटांत ताकद येते. सुरुवात मोठ्या वाद्यावर झाली की पेटी नंतर कधीही येते. सगळं पुस्तकी भाषेत, शांतपणे. ती तोंडाकडे बघत ऐकत होती. मी तिला दोन जाड कागद जोडून त्यांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढून दिल्या, सा कुठे ते लाल शाईने दाखवलं. घरी सराव कर म्हणालो. आणि आणखी एक सांगितलं, त्याच दीड पानातलं — पियानोची खरी गंमत स्वर विरण्यात आहे. पट्टी दाबली की लगेच सोडायची नाही. दाबून धरायची, आवाज पुरता विरेपर्यंत बोट काढायचं नाही. कान देऊन ऐकायचं.

ती म्हणाली, "व्हय गुरुजी."

भिवाला तर हा मान वाटला. आपल्या लेकीला गुरुजींनी साहेबाच्या पेटीलायक ठरवलं! त्याने परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दर रविवारी दुपारी, बंगला रिकामा असताना, तो दिवाणखाना उघडायचा, खुंटी लावायचा आणि दारात उभा राहून फाटकाकडे लक्ष ठेवायचा. सोजर सोमवारी शाळेत येऊन मला सांगायची. कुठल्या पट्ट्या मुक्या आहेत, ते तिने पाठ केलं होतं. मुकी पट्टी आली की तेवढा स्वर ती गळ्याने भरत असे. एकदा म्हणाली, "गुरुजी, खालचा येक सूर हाय ना, डाव्या हाताकडला, तो लई येळ विरत न्हाई. म्या दमते, पन त्यो न्हाई दमत."

असे सात-आठ रविवार गेले. दर सोमवारी ती वर्गात दिसेपर्यंत माझं हजेरीत लक्ष नसे. ते का, याचा मी विचार करत नसे.

मग एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी भिवा आला. तिला घेऊन आला नव्हता. उभ्या उभ्या सांगितलं. दुपारची वेळ, साहेबांची जीप न कळवता आली. फाटकावर हॉर्न वाजला. भिवा धावत आत गेला. "सोजे, ऊठ!" एवढं म्हणाला आणि खुंटी ओढली. पोरीने उजवा हात उचलला होता. डावा उचलला नव्हता. खालचा तो स्वर अजून विरायचा होता.

"म्याच वढली खुंटी, गुरुजी," भिवा म्हणाला. "माज्या हातानं."

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं. पुण्याला नेलं नाही. वेल्ह्याकडच्या एका हाडं बसवणाऱ्याने कळकाच्या काड्या बांधल्या, हळद बांधली. बोटं जुळली, पण तळव्याकडे वळून जुळली. ती पुन्हा सरळ झाली नाहीत. भिवाला बंगल्यावरून काढून कालव्याच्या कामावर टाकलं, खोली गेली, आणि महिन्याभरात ती सगळी मार्गासनीला परत गेली.

जाण्याआधी त्याने मला जे सांगितलं, ते मला शब्दान् शब्द आठवतं. "सायबानं लई इचारलं, कुनी सांगितलं पोरीला हात लावाया. तुमचं नाव न्हाई घेतलं म्या. तुमी तिच्या भल्याचंच सांगितलं व्हतं."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "बरं केलंत."

'केलंत' म्हणालो. आदरार्थी.

कुणी म्हणेल, चुकीचा सल्ला दिला, एवढंच ना? शिक्षकांकडून होतात चुका. मीही स्वतःला हे पुष्कळ वर्षं सांगून पाहिलं. पण चूक म्हणजे माहीत नसताना केलेली गोष्ट. मला सगळं माहीत होतं — झाकण, गंज, परवानगी, सगळं. तरीही मी तिला तिकडे पाठवलं, कारण तिकडे पाठवलं की ती इकडे येणार नव्हती.

शाळेत हेडमास्तरांनी विचारलंच — अहो, तुमच्या घरी पेटी असताना त्या पोरीला तिकडे कशाला धाडलंत? मी खाली बघून म्हणालो, "आई जुन्या वळणाची आहे. सोवळं-ओवळं. घरात वाद नको." त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. सगळ्यांनाच पटतं. म्हाताऱ्या आया असतातच तशा. हे वाक्य मी पुढे आणखीही कुठे कुठे वापरलं. इतकं वापरलं, की मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

आता आईचं सांगतो. इथवर आलो आहे, आता टाळता येणार नाही.

भिवा पेरू घेऊन आला त्याच संध्याकाळी मी आईला विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं ते अशा आवाजात, की तिने नाही म्हणावं. मुलगी कुठल्या घरची हे आधी सांगितलं, गळ्याचं नंतर. तिचा नकार हातात आला की माझं काम संपणार होतं. शाळेतला माठ फोडणारा मी तसाच राहणार होतो, दोष तिच्या सोवळ्याला.

आईने ताटातून एक खडा उचलून बाजूला टाकला. म्हणाली, "मग आण की तिला. गुरुवार सोडून कधीही."

मी म्हणालो, "आणि आळीतल्या बायका?"

"त्या भजनाला येतात. पट्ट्यांवर कुणाची बोटं पडून गेली ते हुंगायला येत नाहीत. आणि नाही आल्या तर मी एकटी म्हणेन. माझा काही गळा बसलेला नाही."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू शाळेत भाषणं देतोस ना रे? मग मला काय विचारत बसलायस?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर पेटी पुसलेली, नवं फडकं घातलेलं, आणि शेजारी माळ्यावरून काढलेला माझा लहानपणचा पाट. चौरंगावरची पेटी दहा वर्षांच्या मुलीला उंच पडेल का, म्हणून तिने स्वतः पाटावर बसून अंदाज घेतला होता. "उंच पडतेय थोडी," म्हणाली, "पण वाढेल पोरगी."

मी हातपाय धुऊन पेटीसमोर बसलो. फडकं काढलं. पट्ट्या वडिलांच्या बोटांनी झिजलेल्या, मधल्या सप्तकात जरा खोल. आणि मी तिथे तिची बोटं डोळ्यांसमोर आणली — काळी, बारीक, नखांत माती असलेली — आणि माझ्या अंगावर काटा आला. शिसारी आली. हाच तो शब्द. आळीची भीती नव्हती, आईचं सोवळं नव्हतं, वाद नव्हता. ज्या बोटांना मी शाळेत खडू देत होतो, त्याच बोटांची मला माझ्या माजघरात शिसारी आली. मला स्वतःचं आश्चर्य वाटलं. मग मी ते आश्चर्य गिळलं, फडकं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन ते दीड पान शोधलं.

आईला सांगितलं, मुलीलाच पियानो शिकायचाय. "असेल," ती म्हणाली. "मोठं वाजवायला मिळत असेल तर आपलं हे भातुकलीचं कशाला." तिला थोडं लागलं होतं. पाट तिने उचलला नाही. अपघाताचं मी घरी बोललोच नाही. ती माणसं गाव सोडून गेली, एवढंच सांगितलं. पुढे बारा-तेरा वर्षं ती पेटी पुसताना पाटही पुसत असे. एक-दोनदा विचारलंही — "ती गाणारी पोर, तिचं पुढे काय झालं रे?" मी म्हणायचो, माहीत नाही. मला माहीत होतं. सोजर शिकली, वेल्ह्याकडे एका शाळेत मास्तरीण झाली, मुलांना कविता चालीवर शिकवते. पेटीशिवाय.

गेल्या महिन्यात आली ती तीच. आईचं कळलं म्हणून. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी. डावा हात पदराखाली होता. मी म्हणालो, आत या. ती ओट्यावरच टेकली.

"इथंच बरी, गुरुजी. आजींना चालत नव्हतं, आबा सांगायचे. त्या असताना कधी आत आले न्हाई, आता त्या नसताना कशाला? त्यांचा मान राहू द्या."

आबा सांगायचे. म्हणजे हेडमास्तरांना सांगितलेलं माझं वाक्य फिरत फिरत मार्गासनीपर्यंत गेलं होतं, भिवाने ते मरेपर्यंत खरं मानलं होतं, आणि त्याची लेक माझ्या आईचा मान राखून माझ्या उंबऱ्याबाहेर बसली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने पिशवीतून पेरू काढून माझ्यासमोर ठेवले.

तिथून दार उघडं होतं. माजघर दिसत होतं. पेटी, फडकं, पाट. मला एवढंच म्हणायचं होतं — आई हो म्हणाली होती. तो पाट तुझा आहे. तीन सेकंदांचं काम. आणि ते म्हटलं की पुढचा प्रश्न तिने विचारला असता — मग नाही कोण म्हणालं?

मी म्हणालो, "हो. आई जुन्या वळणाची होती."

तिने मान डोलावली. थोडा वेळ बसली. धरणाच्या बंगल्यातला पियानो वाळवीने गेला, जळणात घातला म्हणे, असं तिने सांगितलं. मग तिची एसटी होती. उठताना तिने डाव्या हाताने ओट्याची कड धरली, आणि मला ती बोटं दिसली.

ती गेल्यावर मी पेरू आत नेले. पेटीवर महिन्याभराची धूळ बसली होती. पाटावरही. मी पेटी पुसली. पाट पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तो अजून तसाच आहे.